कडाई तीच, चव कुठं गेली?

आपल्यासारख्या गावांत बायकांनी हॉटेलात बसून जेवणं ही काही फार जुनी गोष्ट नाही. माझ्या आईच्या पिढीनं हॉटेल पाहिलं ते बाहेरूनच. एस.टी. स्टँडसमोरचं चहाचं हॉटेल, बदलीवर आलेल्या मास्तरांची खानावळ, आणि ‘परमिट रूम’ अशी पाटी लावलेलं, दार कायम अर्धवट लोटलेलं एक ठिकाण. त्या तिसऱ्या ठिकाणाकडे तर जाता-येता नजरसुद्धा वळवायची नाही, अशी घरून ताकीद असे. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलं तरी दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि कांदा घरूनच बांधून न्यायचा. विकतचं म्हणजे फार तर जत्रेतली भेळ, तीही उभ्या-उभ्या.

मग ‘फॅमिली रूम’ आल्या. चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना त्या नक्की आठवत असतील. प्लायवूडचं पार्टिशन, तेलकट हिरवा पडदा, आत एक टेबल नि चार खुर्च्या. पंखा असला तर नशीब. बाहेर पुरुषमंडळी मोकळ्या हवेत भजी हाणताहेत आणि आपण पडद्याआड गपचूप डोसा खातोय, जणू काही चोरीच करतोय! वेटर आत येण्याआधी खोकायचा. त्या पडद्यानं सोय आपली झाली की बाहेरच्यांची, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या गावात (तेव्हाचं उस्मानाबाद; २०२३ पासून सरकारदरबारीही धाराशिव, जुनी माणसं तर पहिल्यापासून धाराशिवच म्हणायची) २००३ च्या सुमारास हमरस्त्यावर एक हॉटेल सुरू झालं. नाव लिहीत नाही. एक तर मालक गावातलेच, आणि दुसरं म्हणजे असं एकेक हॉटेल आता प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहे, तुमच्याही असेल. पण तेव्हा ते आमच्यासाठी अपूर्वाईचं होतं. एसी. काचेचं दार. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, ग्लासात फुलासारखे खोचलेले नॅपकिन. कातडी पुठ्ठ्याचं मेनूकार्ड. जेवण झाल्यावर वाटीत कोमट पाणी नि लिंबाची फोड. आमच्या जाऊबाईंनी पहिल्यांदा ते पाणी सरबत समजून उचललं होतं! आम्ही वेळीच हात धरला म्हणून बरं.

आणि मुख्य म्हणजे पडदा नव्हता. मोठा मोकळा हॉल, त्यात सगळी टेबलं. पिणाऱ्यांसाठी दुसरीकडून वेगळं दार. हॉलमध्ये बायका, पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी उजेडात बसून जेवताहेत, हे दृश्यच नवं होतं.

माझ्या सासूबाईंना तिथं न्यायला वर्ष गेलं. “बाप्यांच्या म्होरं बसून जेवायचं? मला न्हाई जमायचं,” हे त्यांचं पालुपद. शेवटी २००४ मध्ये धाकट्या दिरांना नोकरी लागली, त्याचा पेढा म्हणून सगळे गेलो. डोक्यावरचा पदर गच्च धरून सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. वेटर आला. त्यानं घरच्या पुरुषांना सोडून आधी त्यांनाच विचारलं, “माँजी, आप क्या लेंगे?” त्यांनी मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कुणी उभं आहे का म्हणून.

त्या दिवशी तव्यावरची पहिली गरम रोटी त्यांच्या ताटात पडली. ती संपेपर्यंत दुसरी आली. मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचायला साधी वाटेल. पण ज्या बाईनं वयाच्या सतराव्या वर्षापासून सगळ्यांची पानं उठल्यावर, तळाची भाजी नि गार भाकरी खाल्ली, तिला कुणी तरी वाढतंय, तेही गरम, तेही आधी, याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “पोरगं चांगलं हुतं. तीनदा इचारलं, अजून आणू का म्हणून.”

तिथली व्हेज कडाई त्यांना आवडली, ती आवडलीच. मग वर्षातून तीन-चारदा तरी जाणं होई. कुणाचा निकाल, कुणाचा वाढदिवस, ह्यांच्या पगारातला फरक मिळाला, काहीही निमित्त. सासूबाई मेनूकार्ड उघडायच्याच नाहीत. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, त्या चौथी शिकलेल्या आहेत, पण त्यांचं ठरलेलं. कडाई, दोन रोट्या, शेवटी एक गुलाबजाम. आपल्या गावचा गुलाबजाम मुळातच नावाजलेला, त्यामुळं तिथला गुलाबजाम मात्र त्या नाक मुरडून खायच्या. “शिर्डोनच्या पाव्हण्यांनी आणलेलं बरं हुतं,” वगैरे. पण खायच्या!

ती कडाई चांगली का होती, हे मी एकदा तिथल्या आचाऱ्यालाच विचारलं होतं. उडुपीकडचा माणूस. बोलायला संकोची. अख्खे धणे नि सुकी लाल मिरची लोखंडी तव्यावर कोरडी भाजायची, खलबत्त्यात जाडसर कुटायची, पूड करायची नाही. सिमला मिरची नि कांदा मोठ्या आचेवर परतून कच्चट ठेवायचा. टोमॅटोचा रस्सा वेगळा शिजवायचा. आणि कुटलेला मसाला दोनदा घालायचा, अर्धा आधी आणि अर्धा गॅस बंद करताना. एवढंच. पण हे ‘एवढंच’ दर ऑर्डरला करावं लागतं.

मागच्या वर्षी सासूबाईंना मोठं आजारपण झालं. आधी टायफॉइड, त्यातून उठतात न उठतात तो पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग चार महिने खाटेवर. वय अठ्ठ्याहत्तर. मऊ भात, मुगाचं वरण, पुन्हा मऊ भात. तोंडाची चव पार गेली. काहीही करून दिलं तरी दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. येसर आमटी करून पाहिली, हुलग्याचं माडगं करून पाहिलं, शेंगोळे केले. “ठेव, मग खाते.” ते ‘मग’ काही यायचं नाही. वजन एवढं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

वॉकर घेऊन चालायला लागल्यावर एक दिवस आपणहून म्हणाल्या, “त्या हाटेलातली कडाई खाऊ वाटायलीय.”

घरात सणासारखा उत्साह आला. कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या तोंडानं काही मागितलं होतं. लेक पुण्याहून शनिवारी आली. त्यांना इरकल नेसवलं, रिक्षात उशी ठेवली, मी पर्समध्ये त्यांच्या गोळ्या घेतल्या. करोनाच्या आधीपासून आम्ही कुणीच तिकडं फिरकलो नव्हतो, त्यामुळं मलाही उत्सुकता होती.

हॉटेल बाहेरून आधीपेक्षा झगमगीत झालंय. निळे-जांभळे दिवे, दारात सेल्फी काढायला कागदी फुलांची कमान. आत टेबलावरचं कापड जाऊन काच आलीय, काचेखाली मोबाइल दुकानाची जाहिरात. नॅपकिनच्या जागी चहाच्या टपरीवर असतात तसले कागद. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याचा आवाज एवढा की सासूबाईंना कानात बोट घालावं लागलं. हे सगळं मी सोडून देईन. काळ बदलतो, कापडं धुवायला माणसं मिळत नाहीत, समजू शकते. पण वॉकर घेऊन आलेल्या म्हातारीला पाहून एकही पोरगा खुर्ची ओढायला पुढं आला नाही. तिघं होते, तिघांच्याही माना मोबाइलमध्ये.

मेनूकार्ड उघडलं तर पाठ्यपुस्तकाएवढं! पूर्वी चार पानं होती. आता पंजाबी, चायनीज, कॉन्टिनेंटल, ‘मराठवाडी तडका’, पिझ्झा, मोमो, आणि ‘काजू करी’चेच सात प्रकार. लेकीनं मोजले, नुसत्या पनीरच्या एकवीस भाज्या.

कडाई मागवली. सोबत पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस, रोट्या. ह्यांनी ज्वारीची भाकरी सांगितली, त्यांना रोटी पचत नाही. पाऊण तास गेला. तोवर सासूबाईंना बसवेना, कंबर अवघडली. मग सगळं एकदम आलं, रोट्यासुद्धा आठच्या आठ एकावर एक रचून. खालच्या चिंबलेल्या, वरच्या चामड्यासारख्या.

कडाई नि बटर मसाला शेजारी-शेजारी ठेवले, तर दोन्हींचा रंग एक. चव घेतली, तीही एक. गोडसर, पिठूळ, वर तेलाचा तवंग. कडाईत सिमला मिरचीचे चार तुकडे होते, तेवढाच काय तो फरक. धण्याचा पत्ता नाही. पनीर दाताखाली रबरासारखं करकरत होतं. दालीत मीठ विसरलेलं.

मी सासूबाईंकडं पाहत होते. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मग शांतपणे वाटी थोडी बाजूला केली, ह्यांच्या ताटातली भाकरी चतकोर मोडून घेतली, कांदा नि लिंबाबरोबर खाल्ली. “कसं आहे आत्याबाई?” मी विचारलं. “बरं हाय की,” त्या म्हणाल्या.

हे ‘बरं हाय की’ आपण सगळ्याच बोलतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मर्जीनं जेवलेल्या बाईचं ते उत्तर आहे. मला त्या गचाळ भाजीपेक्षा त्या दोन शब्दांनी जास्त वाईट वाटलं.

भाकरी मात्र उत्तम होती. पातळ, पोपडा सुटलेली, कडेपर्यंत भाजलेली. हात धुवायला मागं गेले तर तिथं पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढं एक बाई बसलेल्या, साठीच्या आसपासच्या. भाकरी छान होती म्हटलं, तर म्हणाल्या, “हाटेल निघाल्यापास्नं मीच करती की.” मग बोलत्या झाल्या. आचारी लॉकडाऊनमध्ये गावाकडं गेला, तो परत आलाच नाही. मालक थकले, मुलगा पुण्यात नोकरीला. दोन वर्षं झाली, हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलंय. “गिरवी आता पाकिटातली येती बगा. पानी घालायचं, उकळायचं, रंग टाकायचा. पोरं रोज बदलत्यात. कुनाला सांगनार?”

हे एकट्या आमच्या गावचं नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. आपल्या राज्यातल्या हॉटेलांत बसून जेवायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. या काळात आचारी, वाढपी, तंदूरवाले आपापल्या मुलखात गेले. कर्नाटक, उत्तराखंड, बिहार, नेपाळ, कुठून कुठून आलेली माणसं. त्यातले किती तरी तिकडंच राहिले. छोट्या गावातल्या हॉटेलची चव एका माणसाच्या हातात असते. तो गेला की पाटी तीच राहते, बाकी काही राहत नाही.

आता त्या एकाच चवीचं कोडं. हॉटेलात भाजी प्रत्येक वेळी नव्यानं शिजत नाही, हे आपल्याला माहीत असतं. सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू नि मगजबीची पांढरी, नुसत्या परतलेल्या कांद्याची पिवळसर. यात गैर काही नाही, त्याशिवाय वीस मिनिटांत वीस टेबलं सांभाळता येणारच नाहीत. कौशल्य आहे ते पुढं. कडाईला कुटलेले धणे, कोल्हापुरीला खोबरं नि तीळ, बटर मसाल्याला लोणी नि कसुरी मेथी, प्रत्येकीचा शेवटचा हात वेगळा. तो शेवटचा हात गेला की एकाच पातेल्यातून एकवीस नावं निघतात. त्यात काजूच्या जागी मगजबी, मगजबीच्या जागी शेंगदाणा, मग कॉर्नफ्लोअर, अशी उतरण सुरू होते.

(जाता जाता, या बटर मसाल्याचं घराणं दिल्लीचं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजात ‘मोती महल’ काढलं, तिथलं बटर चिकन प्रसिद्ध झालं, आणि त्याच्याच धाकट्या भावंडांत आपलं शाकाहारी पनीर. बटर चिकन नेमकं कुणी शोधलं यावरून दोन हॉटेलं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होती! आमच्या इथली वाटी त्यांना दाखवली असती तर दोघांनीही हक्क सोडला असता.)

पनीरचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. म्हशीच्या चांगल्या, घट्ट दुधाच्या साधारण पाच लिटरांत किलोभर पनीर होतं. दूध साठ रुपये लिटर धरलं तरी नुसत्या दुधाचेच तीनशे रुपये. मग बाजारात दोनशे रुपये किलोनं मिळतं ते काय असेल? दूध पावडर, पामतेल आणि स्टार्च यांची वडी. त्याला ‘अॅनालॉग’ म्हणतात. ते बनवायला बंदी नाही, पण ते ‘पनीर’ म्हणून विकता येत नाही, लेबलावर स्पष्ट सांगावं लागतं. मार्च २०२५ मध्ये आपल्या विधानसभेतही नकली पनीरचा विषय गाजला. घरी आणलेलं कच्चं पनीर तपासायचं असेल तर तुकडा पाण्यात उकळून गार करा, वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर त्यात स्टार्च आहे. हॉटेलातल्या तुकड्याला ही परीक्षा लावू नका, कारण तळण्याआधी त्याला कॉर्नफ्लोअर लावलेलं असू शकतं, मग उगीच भांडण.

मला याचा राग जास्त का येतो? आपला जिल्हा दुधाचा, खव्याचा. भूम, वाशी, कळंब, परंड्याकडं जाल तर गावोगाव खव्याच्या भट्ट्या. सरमकुंडीचा खवा, कुंथलगिरीचे पेढे दूरदूर जातात. दारात एवढं दूध असताना हमरस्त्यावरच्या एसी हॉटेलात आपल्याच म्हाताऱ्यांना पामतेलाची वडी खायला घालायची, तीही दोनशे ऐंशी रुपये प्लेट!

मोठी हॉटेलं टिकतच नाहीत असं थोडंच आहे? मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर जेवू घालतं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलं. २०२३ मध्ये ते गेले, पण तोवर दोन-तीन पिढ्यांनी तिथं तोच सांबार खाल्ला होता. दोन्हीकडं पदार्थ मोजके आणि मालकाची नजर वाढपावर. मेनूकार्ड जाड होऊ लागलं की मला आता धास्तीच वाटते. माझी एक मामी नव्या हॉटेलात आधी साधी दाल नि रोटी मागवते. दाल जमली तर पुढचं. दालीत लपवायला काही नसतं, असं ती म्हणते, आणि मला ते पटलंय.

बिल आलं. जेवण १,६४० रुपये, त्यावर ‘सर्व्हिस चार्ज’ दहा टक्के म्हणजे १६४, आणि दोन्हीवर मिळून पाच टक्के जीएसटी. एकूण १,८९४ रुपये २० पैसे. ह्यांनी पाकीट काढलंच होतं. लेकीनं बिल ओढून घेतलं. “कुठली सर्व्हिस? आजीला खुर्ची तरी दिली का?”

तिला माहीत होतं ते मलाही त्या दिवशी कळलं, तुम्हीही ध्यानात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली. हॉटेलनं सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि देणं-न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती नियमावली उचलून धरली. काढायला नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा. जीएसटीचं वेगळं, तो सरकारचा, द्यावाच लागतो. पण तो लावायचा असेल तर बिलावर पंधरा आकडी नोंदणी क्रमांक हवा, आपल्या राज्याचा २७ नं सुरू होतो. काही छोटी हॉटेलं ‘कंपोझिशन’ योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही असायला हवा. पोटात काही गडबड झाली तर तोच उपयोगी पडतो.

काउंटरवरच्या मुलानं कुरकुर न करता सेवा शुल्क काढलं. बिल १,७२२ वर आलं. मला वाटतं, त्याला आधीही कुणी तरी हे सांगितलं असावं. एकशे बहात्तर रुपये वाचले. पण बेचव भाजीला कुठला कायदा लावणार?

आणि इथंच आपल्या गावांची खरी अडचण आहे. शहरात माणूस तक्रार करतो नि दुसऱ्या हॉटेलात जातो. आपल्याकडं मालक ह्यांच्या मित्राचा मेहुणा असतो. नाही तर लग्नाच्या हॉलचं बुकिंग त्यांच्याकडंच करायचं असतं. त्यामुळं “जाऊ दे, ओळखीचे आहेत,” हे वाक्य ह्यांच्या तोंडून यायचं ते आलंच. सगळे जण टेबलावर ‘छान’ म्हणतात, घरी येऊन नावं ठेवतात आणि पुढच्या वेळी जात नाहीत. मालकाला कळतच नाही की गिऱ्हाईक का तुटलं. त्याला वाटतं रोषणाई कमी पडली. मग तो अजून चार निळे दिवे लावतो! ताट समोर आल्यावर, पहिल्या दोन घासांतच, सरळ आवाजात ‘हे परत न्या’ म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. घरी पाहुण्याच्या ताटात काही कमी-जास्त झालं तर आपण लगेच सांभाळून घेतो, तीच सवय पैसे मोजून जेवतानाही.

त्या दिवशी बोलल्या त्या सासूबाईच. वॉकर टेकत काउंटरपाशी थांबल्या. आम्हाला वाटलं दम लागला. तर त्या मुलाला म्हणाल्या, “बाळा, मी वीस वर्सं झाली हितं येतीय. तुमच्या भाजीला धण्याचा वास हुता. त्यो आता न्हाई. आन् दालीत मीठ न्हाई. आजारी मानूस आसं खातं, आमी आजारातनं उठून आलोय.” मुलगा गोंधळला. “सांगतो आजी,” म्हणाला. “सांग. आन् भाकरीवालीला काडू नका,” एवढं बोलून त्या दाराकडं वळल्या. ह्यांची मान खाली, लेक खुदुखुदू हसतेय, आणि मागच्या टेबलावरच्या एक बाई, ओळख ना पाळख, म्हणाल्या, “बरं झालं बोललात. आमचंबी तसंच हाय, पर कोन बोलणार?”

रिक्षात सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भूक लागलीया.” रात्री साडेदहाला घरी येऊन मी गरम भात नि पिठलं केलं. त्या पोटभर जेवल्या. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. मध्ये एकदा ह्यांना बाजारात जुने मालक भेटले. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली होती म्हणे. ‘तुमच्या मातोश्री रागावल्या म्हणं,’ असं हसून म्हणाले. हॉटेल चालवायला दिल्याचा करार मार्चपर्यंत आहे, पुढचं बघू, असंही म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मार्चनंतर एकदा जाऊन बघायचं, आधी नुसती दाल मागवायची, असं त्यांचं ठरलंय.

तोवर कडाई मी घरी करते. धणे भाजून, कुटून, मसाला दोनदा घालून. बरीचशी तशीच होते. सासूबाई दोन पोळ्या जास्त खातात, नातीला फोन करून सांगतात. फक्त त्यांना गरम पोळी वाढायला मी गॅसपाशी उभी असते, आणि माझं ताट शेवटी. परवा त्यांनी स्वयंपाकघरात स्टूल ओढून घेतला आणि म्हणाल्या, “तू बस आधी. दोन पोळ्या मला लाटता येत्यात अजून.”